कुणाचे बारा

“बेटावरून कुणी वेळ सांगितली, की आधी विचारायचं, कुठल्या घड्याळाने?” लग्नाच्या आठवड्यातच सासूने बजावलं होतं. एफी मूळची न्यूफाउंडलंड बेटावरची. “आमच्याकडे सगळं अर्धा तास आधी होतं, पोरी.”

“मग तुमचा स्वयंपाक का होत नाही हो लवकर?” शॉना म्हणाली होती. दोघी हसल्या होत्या.

आता शॉना बेटापलीकडे, मुख्य भूमीवरच्या गूस बेच्या घरात खिडकीशी उभी होती. तान्ही रोझ खांद्यावर झोपली होती. फ्रिजवर नवऱ्याच्या, क्लॅरच्या अक्षरातला कागद होता : सेंट अँथनी ते गूस बे, ३६० किलोमीटर. माझ्या विमानाला दोन तास. त्यावर अर्धा तास वाट बघ, मग बचावपथकाला या नंबरवर फोन कर.

खाली नंबर. त्याखाली, ‘रडू नकोस, आधी फोन.’

सकाळी त्याचा फोन आला तेव्हा ती रोझला आंघोळ घालत होती. रोझने टाहो फोडलेला.

“बरोबर बाराला सुटतो,” तो म्हणाला. “काय गं, बाळ आहे का भोंगा?”

“तुझ्यावर गेलीय,” म्हणत तिने साबणाच्या हाताने फोन ठेवला. घड्याळाकडे बघितलंच नाही.

दोन वाजले, तेव्हापासून ती कान देऊन होती. त्याचं विमान पाण्यावर उतरणारं; तळ्यावर उतरताना तो घरावरून एक घिरटी घालायचा.

दोन पंचविसाला एफी आली. बूट काढता काढता म्हणाली, “आला का गं?”

“दोनला यायचा होता, आई. अर्धा तास व्हायला पाच मिनिटं आहेत अजून. झाला की लगेच लावते फोन.”

“सुटला कधी?”

“बाराला.”

एफीचा एक बूट हातातच राहिला.

“कुणाच्या बाराला?”

शॉनाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बेटावर, सेंट अँथनीत बारा वाजले, तेव्हा इथे साडेअकरा झाले होते. तो दीडला यायला हवा होता. फोन दोनला जायला हवा होता. खांद्यावरच्या रोझला तिने इतकं घट्ट धरलं, की ती जागी झाली.

फोन एफीने लावला.

हेलिकॉप्टरला तो संध्याकाळी पावणेपाचला सापडला. विमान पाण्यात उलटं, आणि तो त्याच्या चाकांऐवजी असलेल्या तरंडीला बिलगलेला. पाण्यावरचा बर्फ फुटून जेमतेम आठवडा झाला होता. सामान द्यायला आलेला बचावपथकाचा माणूस म्हणाला, “अंग पुरतं गार झालं नव्हतं हो. अर्धा तास आधी पोचलो असतो, तर...” आणि शॉनाचा चेहरा बघून थांबला.

सामानात क्लॅरचं मनगटी घड्याळ होतं. चालू. अर्धा तास पुढे. ते तिने मागे केलेलं नाही. रोज दुपारी दोन वाजता त्यात अडीच वाजतात, आणि ती हातातलं काम ठेवून फोनपाशी जाते.

गूस बेच्या विमानतळावर कुठून कुठे किती अंतर, किती वेळ, याचा छापील तक्ता आहे. त्याखाली हाताने लिहिलेला एक कागद असतो. फाटला, की शॉना नवा लावून येते :

‘तुमचं माणूस निघालंय का? कुणाच्या घड्याळाने? तक्ता नंतर वाचा. आधी फोन करा.’