आधी कारण, मग पोच

निरोप पुन्हा हरवला. बिनतारी कार्डाने संगणकाला हाक दिली, साधनाने लिहिलेल्या, कार्ड हाताळणाऱ्या ड्रायव्हर प्रोग्रामने लगेच ‘मिळालं’ म्हणून पोच दिली, आणि आलेला निरोप मात्र कुठेच नव्हता. २००५ साली असली कार्डं नवलाईची होती. नागपूरच्या एका कंपनीला संध्याकाळपर्यंत हा प्रोग्राम बिनचूक हवा होता. नाही जमलं, तर ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये बसून करता येणारी ही नोकरी गेलीच म्हणायची.

“साधना,” स्वयंपाकघरातून सासूबाईंची हाक आली. हाकेमागून त्यांनी काहीतरी विचारलंही.

“हो,” साधना म्हणाली. नजर पडद्यावरच होती.

गोकुळाबाईंना नागभीडजवळच्या गावातून इथे आणलं ते साधनानेच. सासरे गेले, म्हातारी तळ्याकाठच्या घरात एकटी. “आई एकटीच काऊन राहीन?” म्हणत ती नवऱ्याच्या, प्रफुलच्या, हात धुऊन मागे लागली होती. म्हातारी आली, पण तिचं मन काही इथे रमेना. प्रफुल पाळीवर गेला की बोलायला माणूस नाही. मग ती सुनेला हाका मारी. हो म्हटलं की ती गप्प बसते, हे साधनाला आता पाठ झालं होतं.

“साधना...” पुन्हा हाक, पुन्हा काही विचारणं.

“हो, आई.”

दुपारी चूक सापडली, आणि तिला स्वतःलाच टपली मारावीशी वाटली. हाक कशासाठी मारली, याची नोंद कार्डातच असते. पोच मिळाली की कार्ड ती पुसून टाकतं. कार्डाची कटकट लवकर थांबावी म्हणून साधनाचा प्रोग्राम आधी पोच द्यायचा आणि कारण मागाहून बघायला जायचा. तिथे काय उरणार, कपाळ! तिने दोन ओळींची अदलाबदल केली. आता एकही निरोप हरवेना.

तिला फार आनंद झाला. सासूबाईंबरोबर चहा घ्यावा म्हणून ती उठली.

गोकुळाबाई धुतलेलं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसल्या होत्या.

“आई, तुमी कुठी निघाल्या?”

“गावाले. प्रफुलले सांगजो.”

“माझा राग आला का?”

“राग काऊन येईन बाई? मी दोनदा इचारलं, माझी अडचण होऊन राह्यली का तुले. दोन्ही डाव तू खरं सांगितलं.”