एक्सेलमधली शर्यत

बेळगावातल्या गेम बनवण्याच्या स्पर्धेत परीक्षक सरांनी मंगलच्या अर्जातल्या ‘प्लॅटफॉर्म’ या रकान्यातलं ‘एक्सेल’ लाल पेनानं खोडलं. “आक्का, यात तक्ते करतात. गेम न्हाय.” कंग्राळीच्या दूध सोसायटीत टायपिस्ट असलेली मंगल म्हणाली, “ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एवढंच हाय, सर. एकदा खेळून बघा, मग बाद करा.” परीक्षक उपकार केल्यासारखे बसले. पडद्यावरच्या चौकोनांतून त्यांची तांबडी आणि कॉम्प्युटरची काळी बैलजोडी सुटली. पहिली शर्यत ते हरले. दुसरी कीबोर्डमुळे हरले. तिसरीला त्यांनी कोट काढला. सहावीला हे पीएचडी झालेले गृहस्थ रंगीत चौकोनांवर “पळ रं राजा, पळ!” ओरडत होते आणि बाकीचे स्पर्धक आपापले गेम सोडून मागे उभे होते. सातवी ते जिंकले. घाम पुसून त्यांनी त्याच लाल पेनानं अर्जावर पुन्हा ‘एक्सेल’ लिहिलं. “आता आठवी लावा, आक्का!”