पंख भिजतील

अंगणात ढोल वाजत होता आणि मेलेलं बाळ या हातातून त्या हातात नाचत होतं. आठ महिन्यांचा देइमेर, मिरेयाचा पहिला. सकाळी तापात गेला. अंगात पांढरं झबलं, पाठीला कागदाचे पंख. तान्ही मुलं मेली की थेट देवदूत होतात, त्यांना नाचत-गात पाठवायचं, ही नदीकाठची रीत. रडायचं कुणीच नाही, आईने तर मुळीच नाही. तिचे अश्रू सांडले की पंख भिजतात आणि बाळ वाटेतच अडकतं.

आईला सांभाळायचं काम धर्ममातेचं, बाप्तिस्म्यात बाळाला हातात धरणारीचं. ती आईची कोमाद्रे, सख्ख्या बहिणीहून जवळची. म्हणून बेनिल्दा मिरेयाला खेटून बसली होती, हातात रुमाल तयार ठेवून. या कामात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. स्वतःची तीन मुलं तिने अशीच पाठवली होती, डोळ्यांतून टिपूस न काढता. लोक अजून त्याचं कौतुक करत, आणि तिलाही ते आवडे.

प्रार्थना सांगणारे एवारिस्तो उसाच्या दारूचा घोट घेऊन मिरेयापुढे येऊन बसले. पाद्री होडीने कधीमधी यायचा, एरवी देवाची बाजू मांडायचं यांच्याकडे. देवाचं ज्याच्यावर प्रेम असतं त्यालाच तो दुःख देतो, म्हणाले. स्वतःचा मुलगाही त्याने राखला नाही, क्रुसावर दिला. आज कळत नाही, वर गेल्यावर सगळं कळेल. माणूस मनाचा चांगला, बोलताना त्यांनी तिचा हात हातात घेतला.

मिरेयाने सगळं ऐकून घेतलं. ते उठून गेल्यावर ती बेनिल्दाकडे वळली.

"कोमाद्रे, चर्चमधल्या मारियामातेच्या गालावर अश्रू रंगवलेत ना गं?"

"आहेत की."

"पोराला क्रुसावरून उतरवलं तेव्हा ती रडली. म्हणून काय तो वर गेला नाही?"

दर रविवारी बेनिल्दा त्या मूर्तीपुढे गुडघे टेकत आली होती आणि हे तिला कधी सुचलंच नव्हतं. तिला आपल्या तिघांची आठवण आली आणि स्वतःचा भयंकर राग आला.

बाळ फिरत फिरत त्यांच्यापाशी पोहोचलं. आता त्याला घेऊन धर्ममातेने नाचायचं. बेनिल्दाने त्याला घेतलं आणि मिरेयाच्या मांडीवर ठेवलं.

"रड," ती म्हणाली. "मी आहे इथे."

मग ती घागरा पसरून त्या दोघांच्या आड उभी राहिली. हात मोडलेत का रे तुझे, म्हणत तिने ढोलवाल्याला जोरात बडवायला लावलं आणि स्वतः गाऊ लागली. एरवी तिचा आवाज गोड. आज ती बेंबीच्या देठापासून ओरडत होती, पाठीमागचं रडणं अंगणात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि वर देवालाही.