फुजीचा दगड

उदयने फुजी ज्वालामुखीवरून काळा दगड खिशात घालून आणला आणि स्वयंभू म्हणून थेट देवघरात बसवला. बेल मिळेना, तर पुदिना वाहायचा! तेव्हापासून तोयोसू भागातल्या टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात रोज राख साचायची. पुसून पुसून त्याच्या बायकोच्या, विभाच्या नाकी नऊ आले.

"तिथला दगड उचलू नये म्हणून पाट्या लावल्यात रे! जा, परत ठेवून ये."

दुपारी त्याचा फोन आला. "ठेवला बाई डोंगरावर. झालं समाधान?"

"डोंबलाचं समाधान!" खोलीत अंधारून आलं म्हणून तिने वैतागून पडदा सारला.

समोरचे टॉवर नव्हते. काचेला काळा उतार टेकला होता आणि त्यावर उदय पाठमोरा उभा होता, कानाला फोन लावून.

विभाने काच बडवली.

"विभा," फोनवर तो कुजबुजला, "माझ्या मागे कोणीतरी काच वाजवतंय गं. वळून बघू?"