आखूड दांडा

"वैनी, दांडा आखूड केलासा तर गिअर जड हुईल," दस्तगीर मिस्त्रींनी बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं आणि आखूडच करून घेतला. स्पोर्ट्‌स कारच्या शर्यतीत मला झटपट गिअर हवे होते.

मग बाळ झालं. त्याला उचलून उचलून डावं मनगट असं धरलं, की तो जड गिअर टाकताना डोळ्यांत पाणी यायचं. शर्यत आठवड्यावर, आणि माझं नाव मागे घ्यायची वेळ!

मिस्त्रींना सगळं सांगितलं. त्यांनी दांडा दोन बोटं वाढवला, वर वजनदार गोळा बसवला. "टाका आता."

टक्, दुसरा. टक्, तिसरा! दुखलंच नाही. "मिस्त्री, मी शर्यतीत उतरणार!" मी ओरडले.

"उतरा की! पर घरी लेकरू दादांनाबी घिऊ द्या."

तुमच्याकडे ओली बाळंतीण आहे? जरा बाळ घ्या आणि तिचं मनगट दुखतंय का, विचारा.