राजाच्या भाषणाची वेळ

“लंडनला आसरा घेतलेल्या आपल्या राजाचं भाषण सुरू असलं की रेडिओसमोरून उठू नकोस. मी परतेन तेव्हा मात्र कंदील घेऊन धक्क्यावर ये,” असं सांगून माझा नवरा सिव्हर्ट राजासाठीची गुप्त पत्रं घेऊन बोटीने निघाला. मी वचन दिलं.

पुढे जर्मनांनी नॉर्वेतले रेडिओच जप्त केले. तरी संध्याकाळची प्रार्थना झाली की मी रेडिओच्या रिकाम्या फळीसमोर बसते.

“काय म्हणते गं फळी, मार्गिट?” शेजारच्या आस्लाउगने हसत फळीवर हात टेकला आणि झटकन मागे घेतला. “अगं बाई, ही तापलीय!”

“रोजच तापते. भाषण संपलं की निवते.”

आज ती मध्येच गार पडली. कडेवरून पाणी ठिबकू लागलं. आस्लाउगने बोट जिभेला लावलं.

“खारट आहे गं.”

मी प्रभूचं नाव घेतलं, कंदील पेटवला आणि धक्क्याकडे निघाले.