तेजू ते पासीघाट

पनवेलच्या मच्छी बाजारात मालू कोळीण रोज सकाळी अर्धा तास कोयता खाली ठेवायची. तिची स्नेहल तिकडे अरुणाचलात पायलट होती, तेजूहून पासीघाटला छोटं विमान घेऊन जायची. गिऱ्हाईक कितीही घाई करो, मालू म्हणायची, "थांबा जरा, माजी पोर वर हाय." 'उतरले' असा फोन आला, की मगच पुढची सुरमई कापली जायची.

एके दिवशी ढग दाटले, विमान अर्ध्या वाटेतून तेजूला परत फिरलं आणि फोनला उशीर झाला. तोवर मालूने सगळी गिऱ्हाइकं शेजारच्या मैनाकडे धाडली होती. तिचा रडवेला आवाज ऐकून स्नेहल म्हणाली, "आये, कमाल करतेस! बाबा आठ-आठ दिवस समुद्रात असायचे, तेव्हा तू खुशाल जाळी विणत बसायचीस. माझं तर अर्ध्या तासाचं अंतर!"

"तुजा बापूस पान्यात पडला असता, तर पवत आला असता," मालू पदराने डोळे पुसत म्हणाली. "तुला उडता येतंय काय?"